वाफेला चालायला शिकवणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक

आगगाडी कोणी शोधून काढली, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक मुले जॉर्ज स्टीफन्सनचे नाव सांगतात. वाफेचे यंत्र कोणाचे, असे विचारले की जेम्स वॉटचे नाव पुढे येते. ही दोन्ही नावे मोठी आहेत व त्यांचा मान कमी करण्याचे काहीच कारण नाही. परंतु वॉटचे यंत्र दगडी पायावर, भिंतींच्या आत बसवलेले असे. ते जागचे हलत नसे. स्टीफन्सनचे पहिले इंजिन रुळांवर आले ते १८१४ साली. मग मधल्या काळात या बसून राहिलेल्या यंत्राला चाके लावून रस्त्यावर कोणी आणले? हे काम करणारा माणूस म्हणजे रिचर्ड ट्रेव्हिथिक. त्याने घोड्यावाचून चालणारी गाडी माणसांसह रस्त्यावर चालवून दाखवली, रुळांवरून माल ओढून दाखवला आणि शेवटी दुसऱ्यांनी वर्गणी काढून केलेल्या अंत्यविधीने जगाचा निरोप घेतला. असे का झाले, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी दोघांनीही समजून घेण्यासारखे आहे.

खाणीच्या तोंडाशी गेलेले बालपण

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. त्याला बहुतेक सर्व बाजूंनी समुद्राने वेढले आहे, आणि जमिनीच्या पोटात तांबे व कथील यांच्या खाणी. या प्रांतात कँबोर्न आणि रेडरूथ या गावांच्या दरम्यान ट्रेगाजोरन नावाच्या वस्तीत १३ एप्रिल १७७१ रोजी रिचर्डचा जन्म झाला. वडिलांचे नावही रिचर्डच होते. ते खाणीवरचे कॅप्टन, म्हणजे सर्व कामावर देखरेख करणारे प्रमुख होते. बहिणींमध्ये हा एकुलता एक मुलगा, त्यामुळे घरात लाडका.

त्याला कँबोर्नच्या शाळेत घातले. तेथील मास्तरांचे त्याच्याविषयीचे मत मुळीच चांगले नव्हते. मुलगा सांगितलेले ऐकत नाही, मंद आहे, हट्टी आहे, लाडाने बिघडलेला आहे आणि वारंवार गैरहजर राहतो, अशी त्यांची तक्रार होती. मास्तर खोटे सांगत होते असे नाही. मुलगा खरोखरच शाळा चुकवीत असे, पण उनाडक्या करीत हिंडत नसे. खाणीच्या तोंडाशी पाणी उपसणारी प्रचंड यंत्रे चालत, ती पाहत तो तासन्‌तास उभा राही. गणितात त्याचे उत्तर बरोबर येई, मात्र ते शाळेत शिकवलेल्या रीतीने काढलेले नसे. रीत चुकली म्हणून मास्तर नाराज आणि उत्तर आले म्हणून मुलगा खूश, असा प्रकार चाले. या शालेय जीवनाची एक उणीव मात्र त्याला जन्मभर भोवली. वाचन-लेखन कच्चे राहिले, हिशेब नीट मांडून ठेवण्याची सवय लागली नाही आणि हाती घेतलेले काम शेवटपर्यंत नेण्याची शिस्तही अंगी बाणली नाही.

मुलगा वाढला तो मात्र ताडमाड. उंची ६ फूट २ इंच. कॉर्नवॉल कुस्तीसाठी प्रसिद्ध, आणि रिचर्ड त्या मातीतला नामी पहिलवान. लोक त्याला कॉर्नवॉलचा महाकाय म्हणत. आपल्याकडे असता तर रुस्तुम म्हटले असते. वयाच्या १९ व्या वर्षी तो खाणीवर नोकरीस लागला आणि थोड्याच दिवसांत जुनेजाणते लोकही यंत्राची अडचण आली की या तरुण पोराचा सल्ला घेऊ लागले.

कोळशाचा प्रश्न आणि वॉटचे पेटंट

त्या काळी कॉर्नवॉलच्या खाणमालकांना एकच काळजी होती. खाण जसजशी खोल जाई तसतसे तिच्यात पाणी भरे. ते उपसायला वाफेचे पंप लागत आणि पंपांना कोळसा लागे. कॉर्नवॉलमध्ये तांबे होते, कथील होते, पण कोळसा नव्हता. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे व फार महाग पडे. जेम्स वॉटचे यंत्र जुन्या यंत्रांपेक्षा पुष्कळ कमी कोळशात काम करी. पण त्यामुळे जी बचत होई तिच्यातला एकतृतीयांश हिस्सा वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांच्या कंपनीला द्यावा लागे. १७६९ साली मिळालेले हे पेटंट १८०० सालापर्यंत चालू होते. तोपर्यंत कोणी काही नवे करू पाहिले की कोर्टकचेरी उभी राही.

वॉटच्या यंत्राची रचना समजून घेतली म्हणजे ट्रेव्हिथिकने काय केले ते कळेल. वॉट वाफ एका वेगळ्या भांड्यात नेऊन थंड करी. वाफेचे पाणी झाले की तेथे पोकळी निर्माण होई आणि दट्ट्या त्या बाजूकडे सरके. म्हणजे खुद्द वाफेचा जोर यात थोडाच वापरला जाई. तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम काही पौंड अधिक असे. त्यामुळे मोठे काम हवे तर सिलिंडर प्रचंड करावा लागे. शिवाय थंड करण्याचे भांडे, पंप, गार पाणी आणि हे सर्व पेलणारी इमारत लागे. असे यंत्र गाडीवर चढवणे शक्य नव्हते.

ट्रेव्हिथिकचा विचार सरळ होता. वाफेचा स्वतःचाच जोर वापरावा आणि काम झाल्यावर तिला हवेत सोडून द्यावे. मग थंड करण्याचे भांडे नको, पंप नको, इमारत नको. त्याने वाफेचा दाब दर चौरस इंचाला ५० पौंडांपर्यंत आणि त्याहूनही पुढे नेला. एवढा दाब सहन व्हावा म्हणून बॉयलर भक्कम नळकांड्याच्या आकाराचा केला आणि भट्टी त्याच्या पोटातच बसवली. वापरलेली वाफ त्याने धुराड्यात सोडली, त्यामुळे विस्तवाला अधिक ओढ मिळू लागली.

पण वाफ हवेत सोडल्याने शक्ती वाया तर जाणार नाही? ही शंका घेऊन तो डेव्हीस गिल्बर्ट या विद्वान मित्राकडे गेला. हेच गिल्बर्ट पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. गिल्बर्टने गणिताने सांगितले की वाफेचा दाब कितीही असो, नुकसान होईल ते फक्त एका वातावरणाच्या दाबाएवढेच. दाब जितका जास्त, तितके हे नुकसान किरकोळ. हे ऐकून ट्रेव्हिथिकला अतिशय आनंद झाला. ज्याने शाळा टाळली होती तो माणूस, जे आपल्याला येत नाही ते जाणत्याला विचारायला मात्र कधी लाजला नाही.

जेम्स वॉटला ही वाट पसंत नव्हती. त्या काळचे बॉयलर कच्चे असत व फुटून माणसे मरतील, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. असा धोका पत्करणाऱ्या माणसाला फाशीच द्यायला हवी असे वॉटचे मत असल्याचे आपल्या कानावर आले, असे ट्रेव्हिथिकने उतारवयात लिहिले आहे.

नाताळच्या आदल्या दिवशी

१७९७ साली वडील वारले आणि त्याच वर्षी रिचर्डचे लग्न झाले. पत्नी जेन ही हेल गावच्या हार्वी घराण्यातली. या घराण्याचा लोखंड ओतण्याचा कारखाना होता. लग्नाच्या सुमारास रिचर्ड चाकांवर चालणाऱ्या यंत्राचे छोटे नमुने बनवू लागला होता.

रस्त्यावर वाफेची गाडी चालवण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. फ्रान्समध्ये निकोला कुन्यो या लष्करी इंजिनिअरने १७६९-७० साली तोफा ओढण्यासाठी तीन चाकांची वाफेची गाडी केली होती. ती माणसाच्या चालीने चाले आणि थोड्या थोड्या वेळाने थांबून पुन्हा वाफ धरावी लागे. ती गाडी आजही पॅरिसच्या संग्रहालयात आहे. ट्रेव्हिथिकच्या शेजारीच, रेडरूथला, वॉटच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या विल्यम मर्डॉकने १७८४ साली एक छोटा चालता नमुना केला होता; पण मालकांनी उत्तेजन न दिल्याने तो तेथेच राहिला.

मोठी गाडी बांधण्यापूर्वी एक शंका फेडायची होती. घोडा जमिनीला पाय लावून गाडी ओढतो. यंत्राने चाकेच फिरवली तर ती जागच्या जागी घसरणार नाहीत का? ट्रेव्हिथिक आणि गिल्बर्ट यांनी एक साधी घोडागाडी घेतली, घोडा सोडला आणि चाके हातांनी फिरवून ती चढावर चढवून पाहिली. चाके घसरली नाहीत. मोठमोठ्या ग्रंथांत नसलेले उत्तर दोन माणसांनी एका चढणीवर मिळवले.

अखेर २४ डिसेंबर १८०१ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, कँबोर्नच्या रस्त्यावर ती गाडी आली. पाऊस पडत होता असे सांगतात. सहासात माणसे तिच्यावर चढून बसली आणि गाडी भकभक करीत, धूर ओकीत चढणीचा रस्ता चढून गेली. लोकांनी तिला पफिंग डेव्हिल, म्हणजे फुसफुसणारा सैतान असे नाव दिले. माणसांना घेऊन स्वतःच्या बळावर चढण चढणारे असे वाहन इंग्लंडने यापूर्वी पाहिले नव्हते.

हा आनंद चारच दिवस टिकला. पुन्हा गाडी बाहेर काढली असता वाटेतला एक चर ओलांडताना ती बिघडली. मंडळींनी तिला एका छपराखाली ढकलले आणि जवळच्या खानावळीत जेवायला गेली. भाजलेल्या हंसाचे जेवण आणि पेये यांत वेळ कसा गेला ते कळले नाही. भट्टीतला विस्तव विझवायचा राहिला होता. बॉयलरमधले पाणी आटले, लोखंड लाल झाले आणि लाकडी भाग पेटून गाडी जळून गेली. यंत्रात दोष नव्हता; निगराणीत होता. ट्रेव्हिथिकच्या आयुष्यात हा प्रकार पुढेही अनेकदा वेगवेगळ्या रूपांत घडला.

लंडनच्या रस्त्यांवर

मार्च १८०२ मध्ये त्याने आपला चुलतभाऊ अँड्र्यू व्हिव्हियन याच्याबरोबर या यंत्राचे पेटंट घेतले. १८०३ साली दुसरी गाडी तयार झाली, ती लंडनमध्ये. यंत्र कॉर्नवॉलमध्ये बनवले होते आणि वर बसण्याचा डबा लंडनच्या लेदर लेन भागातील एका कारागिराने केला होता. मागची चाके तब्बल ८ फूट व्यासाची होती. सातआठ माणसे घेऊन ही गाडी लेदर लेनपासून पॅडिंग्टनपर्यंत गेली आणि इझलिंग्टनवरून परत आली. वेग ताशी ४ ते ९ मैल. लंडनसारख्या शहरात भर रस्त्यावर घोड्यावाचून गाडी फिरली.

परंतु गिऱ्हाईक पुढे आले नाही. गाडीत बसणाऱ्याला विलक्षण धक्के बसत, विस्तव सतत सांभाळावा लागे आणि खर्च घोडागाडीपेक्षा जास्त येई. एका रात्री गाडी एका घराच्या कठड्यावर जाऊन आदळली. पैसा संपला. शेवटी यंत्र काढून एका कारखान्याला विकले.

येथे रस्त्यांचा विचार केला पाहिजे. तेव्हाचे इंग्लंडमधले बहुतेक रस्ते म्हणजे खड्डे, चाकोऱ्या आणि पावसाळ्यात चिखल. घोडा खड्डा पाहून पाय टाकतो. जड लोखंडी यंत्राला ते साधत नाही. बारीक फोडलेल्या खडीचे, पाण्याचा निचरा होणारे पक्के रस्ते मॅकॅडमने बांधायला घेतले ते १८१६ च्या सुमारास. म्हणजे गाडी तयार होती, पण ती ज्यावरून चालायची तो रस्ता तयार व्हायला अजून बारातेरा वर्षे होती.

त्याच १८०३ साली ग्रिनिचला त्याच्या एका पंपाच्या यंत्राचा बॉयलर फुटून चार माणसे ठार झाली. कारण कामावरच्या माणसांचा निष्काळजीपणा होते, तरी विरोधकांना आयतेच साधन मिळाले. ट्रेव्हिथिकने मात्र केवळ दुसऱ्याला दोष देऊन हात झटकले नाहीत. त्याने बॉयलरला एकाऐवजी दोन सुरक्षा-झडपा बसवल्या आणि शिशाचा एक बूच योजला. पाणी आटून बॉयलर तापला की शिसे आपोआप वितळावे आणि वाफ बाहेर पडून विस्तव विझावा, अशी ती योजना होती. पुढे कित्येक माणसांचे प्राण या युक्तीने वाचले.

रूळ तुटले

रस्ता साथ देत नाही असे दिसल्यावर त्याने रुळांकडे मोर्चा वळवला. त्या काळी खाणींतून आणि कारखान्यांतून घोड्यांनी ओढायच्या मालगाड्या रुळांवर चालत. वेल्समध्ये पेनीडॅरन येथील लोखंडाच्या कारखान्याचा मालक सॅम्युएल हॉम्फ्रे याने शेजारच्या कारखानदाराशी ५०० गिनींची पैज मारली की वाफेचे इंजिन १० टन लोखंड ओढून नेईल. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी ट्रेव्हिथिकच्या इंजिनाने १० टन लोखंड, पाच वाघिणी आणि त्यांवर बसलेली ७० माणसे, एवढा भार सुमारे पावणेदहा मैल ओढून नेला. वाटेत झाडे तोडावी लागली, दगड हलवावे लागले. ४ तास ५ मिनिटे लागली. रुळांवर वाफेच्या इंजिनाने गाडी ओढल्याची ही जगातली पहिली नोंद.

पैज जिंकली, पण इंजिनाच्या भाराने ओतीव लोखंडाचे ठिसूळ रूळ ठिकठिकाणी मोडले. पुढच्या वर्षी उत्तर इंग्लंडमधील वायलम कोळसाखाणीसाठी त्याच्या नकाशाप्रमाणे एक इंजिन तयार झाले. तेथे रूळ लाकडी होते. त्यांना ते वजन पेलले नाही. वायलम हे जॉर्ज स्टीफन्सनचे जन्मगाव होय. १८०८ साली ट्रेव्हिथिकने लंडनमध्ये गोल रूळ टाकले, भोवती कुंपण घातले आणि त्यावर इंजिन फिरवून लोकांना एक शिलिंगात बसायला दिले. इंजिनाचे नाव होते, जमल्यास मला पकडा. लोकांनी तमाशा म्हणून पाहिले. थोड्या दिवसांत येथेही रूळ तुटला, इंजिन उलटले आणि खेळ संपला. भार सहन करणारे घडीव लोखंडाचे चांगले रूळ निघाले ते १८२० साली.

तीन वेळा अपयश आल्यावर ट्रेव्हिथिकने गाडीचा नाद सोडला. येथेच स्टीफन्सन आणि त्याच्यातला फरक दिसतो. इंजिन आणि रूळ हा एकच प्रश्न आहे असे समजून स्टीफन्सन वर्षानुवर्षे दोन्हींच्या मागे लागला. ट्रेव्हिथिकच्या डोक्यात मात्र एक कल्पना अडली की दुसरी दहा उभ्या राहत. थेम्स नदीखालून बोगदा खणण्याचे काम त्याने घेतले. हजार फुटांहून अधिक खणून झाल्यावर १८०८ साली नदीचे पाणी आत शिरले आणि काम बंद पडले. १८१० साली तो विषमज्वराने मरता मरता वाचला. १८११ साली भागीदारीच्या व्यवहारात त्याचे दिवाळे निघाले.

त्यातूनही तो उठला. १८१२ साली त्याने बनवलेला कॉर्निश बॉयलर खाणींचा कोळसा वाचवू लागला. त्याच वर्षी त्याने एका जमीनदारासाठी मळणीचे वाफेचे यंत्र केले. ते १८७९ पर्यंत, म्हणजे ६७ वर्षे काम करीत होते आणि आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

अकरा वर्षांची गैरहजेरी

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, अँडीज पर्वतात सेरो दे पास्को येथे चांदीच्या खाणी होत्या. उंची १४,००० फूट. खाणी पाण्याने भरल्या होत्या. इतक्या उंचीवर हवा विरळ, म्हणून वॉटच्या पद्धतीचे यंत्र तेथे चालणार नव्हते. शिवाय ते डोंगरावर चढवणार कसे? तेथून आलेल्या फ्रान्सिस्को उव्हिले नावाच्या गृहस्थाने लंडनमधल्या एका दुकानात ट्रेव्हिथिकच्या यंत्राचा छोटा नमुना पाहिला आणि तो त्याला शोधत आला. १८१४ साली यंत्रे पेरूला रवाना झाली. ऑक्टोबर १८१६ मध्ये बायकोमुलांना मागे ठेवून ट्रेव्हिथिक स्वतः जहाजावर चढला.

तेथे त्याला काही काळ मोठा मान मिळाला. पण भागीदारांशी भांडणे झाली आणि पाठोपाठ पेरूच्या स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. खाणी बंद पडल्या, यंत्रांची मोडतोड झाली. तो कोस्टा रिकाला गेला, तेथेही खाणींच्या योजना केल्या. जंगलातून वाट काढताना तो बुडता बुडता वाचला. १८२७ साली कोलंबियातील कार्ताहेना बंदरात तो फाटक्या अवस्थेत पोहोचला. योगायोग असा की तेथे त्याला जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा रॉबर्ट भेटला. रॉबर्टने त्याला परत जाण्यासाठी ५० पौंड दिले.

ऑक्टोबर १८२७ मध्ये तो मायदेशी उतरला तेव्हा अंगावरचे कपडे, एक सोन्याचे घड्याळ, नकाशे काढण्याचा कंपास, एक होकायंत्र आणि घोडेस्वाराच्या जोड्याला लावायचे चांदीचे काटे, एवढीच मिळकत त्याच्याजवळ होती.

या अकरा वर्षांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरी पैसा येत नव्हता. जेनने माहेरच्या आधाराने हेल येथे एक हॉटेल चालवले आणि मुलांना वाढवले, शिकवले. शोधकर्त्यांच्या चरित्रांत अशा स्त्रियांना एकदोन ओळीच मिळतात. परंतु रिचर्डचे घर उभे राहिले ते वाफेवर नव्हे, जेनच्या कष्टांवर.

तो परदेशात असताना इंग्लंड बदलले होते. रस्ते पक्के झाले होते, घडीव लोखंडाचे रूळ आले होते. १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली होती. ज्या दोन गोष्टींअभावी त्याची गाडी अडली होती त्या दोन्ही तयार झाल्या, तेव्हा तो हजर नव्हता. १८२८ साली त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला की आपल्या शोधांमुळे देशाचा एवढा फायदा झाला, तर काही मोबदला मिळावा. अर्ज नामंजूर झाला.

एकच तारीख, दोन घटना

रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांना याच काळात पुन्हा दिवस आले. १८३१ साली ग्लॉस्टर ते चेल्टनम या मार्गावर गर्नीच्या बनावटीच्या गाड्या चार महिने नियमित धावल्या. पण घोडागाडीवाले, जमीनदार आणि पथकर वसूल करणारे यांचा त्यांना कडवा विरोध होता. ग्लॉस्टरच्या रस्त्यावर खडीचे जाड थर टाकून ठेवले गेले आणि त्यांत गाडीचा आस मोडला. लिव्हरपूल-प्रेस्कॉट रस्त्यावर घोड्यांच्या भरलेल्या गाडीला ४ शिलिंग पथकर, तर वाफेच्या गाडीला ४८ शिलिंग आकारण्याची तजवीज होती. पार्लमेंटने चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे ट्रेव्हिथिकचीही साक्ष झाली. समितीने अहवाल वाफेच्या गाड्यांच्या बाजूने दिला, तरी पथकर कमी झाला नाही.

शेवटच्या काळात ट्रेव्हिथिक डार्टफर्ड येथे जॉन हॉल यांच्या कारखान्यात काम करीत होता आणि बुल हॉटेलात राहत होता. तेथेच त्याला न्यूमोनिया झाला. २२ एप्रिल १८३३ रोजी, वयाच्या ६२ व्या वर्षी, तो मरण पावला. घरचे कोणी जवळ नव्हते. हाती पैसा नव्हता. कारखान्यातल्या कामगारांनी वर्गणी काढली, खांदा दिला आणि त्याला दफन केले. त्या काळी प्रेते चोरणाऱ्या टोळ्या होत्या, म्हणून रात्री कबरीवर पहारा ठेवण्याचा खर्चही त्यांनीच केला. कबरीवर नावाचा दगड बसला नाही.

त्याच दिवशी, २२ एप्रिल १८३३ रोजी, लंडनमध्ये वॉल्टर हँकॉक याची एंटरप्राइझ नावाची वाफेची बस लंडन वॉल ते पॅडिंग्टन या मार्गावर, इझलिंग्टनवरून, प्रवाशांसाठी धावू लागली. तीस वर्षांपूर्वी ट्रेव्हिथिकची गाडी पॅडिंग्टन-इझलिंग्टनच्या याच भागातून फिरली होती.

या गाड्याही फार काळ टिकल्या नाहीत. रेल्वे फोफावली आणि रस्ता मागे पडला. १८६५ च्या कायद्याने तर अशा वाहनाचा वेग गावाबाहेर ताशी ४ मैल, गावात २ मैल ठरवला आणि पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे सक्तीचे केले. ही बंधने उठली ती १८९६ साली. तोपर्यंत पेट्रोलची मोटार जन्माला आली होती.

मागे काय राहिले

ट्रेव्हिथिकचा मुलगा फ्रान्सिस रेल्वेत इंजिनांच्या विभागाचा प्रमुख झाला आणि १८७२ साली त्याने वडिलांचे चरित्र लिहून त्यांचे काम जगापुढे मांडले. दोन नातू जपानला गेले. त्यांपैकी रिचर्ड फ्रान्सिस याच्या देखरेखीखाली १८९३ साली कोबे येथे जपानमध्ये बांधलेले पहिले रेल्वे इंजिन तयार झाले. कँबोर्नच्या ग्रंथालयासमोर १९३२ साली आजोबांचा पुतळा बसला. त्याच्या हातात गाडीचा छोटा नमुना आहे. १९८४ पासून दर एप्रिलमध्ये तेथे ट्रेव्हिथिक दिन साजरा होतो आणि वाफेची जुनी वाहने त्या गावच्या रस्त्यांतून मिरवतात.

आपल्या मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. रस्त्यावर चालणारे वाफेचे वाहन आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिले ते मात्र बहुधा एकाच रूपात. खडी दाबणारा, धूर सोडणारा, जड चाकांचा रोडरोलर! ज्या वाहनाला स्वतःसाठी चांगला रस्ता मिळाला नव्हता, ते अखेर दुसऱ्यांसाठी रस्ते तयार करण्याच्या कामी आले.

विद्यार्थी मित्रांनो, ट्रेव्हिथिकची हुशारी सर्वांना मिळत नाही, पण त्याच्यात जे कमी होते ते प्रयत्नाने मिळवता येते. विस्तव विझवून मग जेवायला जावे, हिशेब लिहून ठेवावा, काम अडले की दुसरे धरण्याआधी ते का अडले याच्या मुळाशी जावे; एवढ्या गोष्टी त्याने केल्या असत्या तर कदाचित त्याचे नाव स्टीफन्सनच्या आधी घेतले गेले असते. आणि पालकांनीही लक्षात ठेवावे की मास्तरांनी मंद ठरवलेला हा मुलगा शाळेबाहेर उभा राहून यंत्राकडे पाहत होता. तो काय पाहतो आहे, हे त्याला कोणी जवळ बसवून विचारले असते आणि त्या ओढीला शिस्तीची जोड दिली असती, तर त्याची गाडी इतक्या ठिकाणी अडली नसती. मुलात वाफ असते. तिच्यासाठी रस्ता बांधणे हे मोठ्यांचे काम आहे.